कोपरा कोणाच्या वाटणीत

रुख्मिणीच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिलं नाही, हे घरात कोणापासून लपलेलं नव्हतं. पत्र संक्रांतीच्या सुमाराला आलं, ओसरीवर सगळ्यांच्या देखत वाचलं गेलं, आणि वाचणारेही वामनरावच होते. बहिणीची, सत्यभामेची, ही मुलगी आईच्या मागे याच घरात वाढली, थोरल्या मामाजवळ अक्षरं शिकली, आणि आता अमरावतीला मास्तरणीची परीक्षा पास होऊन बसली होती. तिनं लिहिलं होतं, 'मामा, जिल्ह्याचं कौन्सिल आपल्या वरवटाला मुलींची शाळा द्यायला तयार आहे, पण खोली गावानं बांधून द्यायची. तुम्ही सगळ्यांनी दिवाळीपासून बांधायला घेतली, असं कळलं. पावसाळ्याआधी होईल का? होणार असेल तर मी वरवट मागून घेते. नसेल तर मेळघाटात जागा रिकामी आहे, तिकडे माझं नाव देतील. आखाजीच्या सुमाराला हो किंवा नाही, एवढं कळवा.'

वामनरावांनी उत्तर लिहायला घेतलंच नव्हतं, असं नाही. 'चि. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत लेखणी सुरळीत चाले. पुढे 'हो' लिहावं तर उद्या खोटं ठरण्याची भीती, 'नाही' लिहावं तर पोर मेळघाटात. शाळा होईल का, या प्रश्नाकडे ते पाहू लागले की तो त्यांना उत्तरेच्या सातपुड्यासारखा दिसे. निळा, एकसंध, आणि चढायला सुरुवात कुठून करावी ते काही केल्या कळू नये असा. मग ते पत्राची घडी घालत आणि एखादं पुस्तक उघडत.

खरं म्हणजे शाळा निम्म्याहून अधिक बांधून झाली होती. घोटाळा तोच होता.

या घराण्याला काम वाटून घेण्याची एकच तऱ्हा माहीत होती, ती म्हणजे वाटणी. वडिलांच्या, आबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा वावरं, बैल, भांडी तर वाटली गेलीच, पण विहिरीवरची चिंचसुद्धा फांदीफांदीनं वाटली गेली. अजूनही मधल्या भावाच्या, उत्तमरावांच्या फांदीखाली पडलेल्या चिंचा चुलतभाऊ अर्जुनरावांच्या घरचं माणूस उचलत नसे. दिवाळीत शाळेचं ठरलं तेव्हा चौघे जण त्याच रीतीनं बसले आणि चार भिंती चौघांच्या वाट्याला गेल्या. उत्तरेची उत्तमरावांना, पश्चिमेची अर्जुनरावांना, दक्षिणेची धाकट्या शेषरावांना, आणि पूर्वेची, दाराची, ती थोरलेपणाच्या मानानं वामनरावांना. कोणावर अन्याय झाला नाही. सगळे पान खाऊन खुशीत उठले.

मग बाकीच्या तिघांनी आपापल्या सवडीनं, आपापला गवंडी लावून आपापली भिंत बांधली. उत्तमरावांची काळ्या घडीव दगडाची, आणि इतकी चढवलेली की गावातली पोरं तिला किल्ला म्हणू लागली. अर्जुनरावांची दगडमातीची, तिच्यापेक्षा बरीच ठेंगणी, पण आत दिव्यासाठी आणि पुस्तकांसाठी सुबक कोनाडे काढलेली. शेषरावांची कच्च्या विटांची, वरून पांढरीच्या मातीनं सारवलेली. एकेक भिंत पाहिली तर नाव ठेवायला जागा नव्हती. पण तिन्ही एकमेकींना कुठे भेटत नव्हत्या. जिथे भेटायला हव्या होत्या तिथून बकरी आरामात आतबाहेर करी. गवंड्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आमाले भिंत सांगतली होती, कोपरा कोनी सांगतला नाई."

पूर्वेची बाजू मोकळीच होती. वामनरावांनी नागपूरहून इमारतीच्या कामाचं एक पुस्तक मागवलं होतं. त्यातलं पायाचं प्रकरण वाचल्यावर त्यांना बाकीच्या तिन्ही भिंतींच्या पायाची काळजी लागली आणि त्यांनी ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. सुतारानं दाराची चौकट मात्र करून दिली होती. ती त्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि येता-जाता ते तिच्याकडे पाहायचं टाळत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी थोरली बहीण झुंबरबाई माहेरी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि केस पांढरे झाले तरी झुंबरबाईनं ती चाल मोडली नव्हती. आल्या पावली लुगड्याचा काष्टा खोचून ती अंगणात कुरडयांच्या कामाला बसली. उत्तमरावांची बायको अन्नपूर्णाबाई साचा दाबत होती, झुंबरबाई बाजेवरच्या धोतरावर वेटोळी उतरवून घेत होती. वामनराव ओसरीवर खांबाला टेकून पुस्तक घेऊन बसले होते, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले, "हा चीक शिजवाच्या आधी काय करता?"

"काय करता म्हंजे? निवळू देतो. वरचं पानी काढून टाकतो."

"त्याच्या आधी?"

"गहू वाटून गाळतो."

"अन् त्याच्या आधी?"

"भिजू घालतो, बापा. त्याच्या आधी वावरातून आनतो, त्याच्या आधी पेरतो, अन् त्याच्या आधी आपल्या आज्यानं ते वावर घेतलं. आनखी मागं जाऊ का?"

अन्नपूर्णाबाई पदराआड हसली. ती थोरल्या दिराशी बोलत नसे. तशी रीतच होती. त्यांच्यासमोर पदर पुढे आणि तोंड बंद. पण इतक्या वर्षांत तिनं त्यातून वाट काढली होती. त्यांना जे सांगायचं ते ती दुसऱ्या कोणाला, आणि कोणी नसलं तर खांबाला, चांगलं मोठ्यानं सांगे.

"चीक निवळला, हे कसं समजते?" वामनरावांनी विचारलं.

"हात घातला की समजते. बुडाशी घट्ट लागते."

"म्हंजे पाहनाऱ्याले समजते, की हे झालं. आता पुढचं." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अन् कोनं किती कुरडया कराच्या, हे आधी ठरवता का?"

"वन्सं," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "सांगा बरं, कुरडयाईची वाटणी नसते म्हना. ज्याचा हात मोकळा, तो पुढचं काम धरते. अन् हात मोकळे असतीन तं बाजेवरचे कावळे हाकलाले बी चालते म्हना."

वामनराव निमूटपणे उठले आणि पुस्तक हातात तसंच धरून कावळे हाकलू लागले. पण डोकं चालूच होतं. या कामाचा एकेक तुकडा कसा आपापल्या पायावर उभा होता. गहू भिजला की भिजला; बोटात धरून दाबला की कळे. गाळला की गाळला. कुरडया होतील का, असं इथे कोणी कोणाला विचारत नव्हतं. विचारलं असतं तर बायांना हसू आलं असतं.

झुंबरबाई त्यांच्याकडे पाहत होती. "वामन, तू कुरडयाईचं इचारून राह्यला का शाळेचं?"

"मलेच अजून समजलं नाई, अक्का."

"पोरीले काय लेहलं?"

वामनरावांनी एका कावळ्याला हाकललं. तो आधीच उडाला होता.

"उद्या आखाजी," झुंबरबाई म्हणाली. "परवा बाजार. डाकवाला येऊन पेटी उघडीन अन् जाईन. त्याच्या पुढच्या बाजारपर्यंत ते लोक कायले थांबतीन? पोट्टी मेळघाटात जाईन, अन् आपण अठी तीन भिंती पाहत बसू."

आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावानं घागरी भरल्या, त्यांवर डांगरं, म्हणजे खरबुजं, ठेवली, पुरणपोळी आणि आमरसाची जेवणं झाली. अर्जुनरावही जेवायला इकडेच होते. पुरुष ओसरीवर सुपारी कातरत बसले आणि डोळे मिटू लागले, तेवढ्यात झुंबरबाई दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ती उंबऱ्यावर बसली की काहीतरी निघणार, हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"सत्यभामेच्या नावाची घागर भरली ना रे?"

"भरली, अक्का," उत्तमराव म्हणाले. आबांच्या मागे घरचा कारभार तेच पाहत. थोरले वामनराव असले तरी गडी-माणसं विचारायला उत्तमरावांकडेच येत.

"तिले पानी पाजलं, चांगलं केलं. आता तिच्या पोरीले उत्तर कोन देनार?"

"माही भिंत झाली," उत्तमराव म्हणाले. "कवाचीच झाली. ज्याची नाई झाली त्याले इचार."

सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं, आणि मग त्यांच्याकडे पाहणं बरं नाही म्हणून दुसरीकडे पाहिलं. अर्जुनराव मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

"तुही भिंत झाली नाई, उत्तम. तुहा गड झाला. त्याच्यावर अन् माह्या भिंतीवर मिळून छताचं धाबं टाकाचं कसं? सारं पानी माह्या कोनाड्यात."

"मंग वाढव ना तुही. कोनी हात धरला का?"

"काऊन वाढवू? माही भिंत मानसाच्या मापाची आहे."

"माह्याकडे पाहू नोका," शेषराव आडवे होत म्हणाले. "कच्च्या इटा आहेत. आनखी चढवल्या तं भिंत माह्यासारखी निजते."

"तूच पहिल्यांदा मातीच्या इटा काऊन घेतल्या बे?" उत्तमरावांनी विचारलं.

"भाऊ, वाटणीत भिंत आली होती, दगडाची खाण नाई आली."

अर्जुनराव हसले. शेषराव आपल्या बाजूला आले असं त्यांना वाटलं आणि त्यांनी लगेच गळ टाकला. "शेषू बराबर बोलते. दोन भिंती खाली, एक वर. दोघाचं म्हननं धरा. उत्तमनं भिंत उतरवावी."

"कोनी हात तं लावून पाहा," उत्तमराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण सुपारी कातरायची थांबली होती.

"मी उतरवा म्हनलो नाई," शेषराव घाईनं म्हणाले. "मी निजलो होतो."

आतून अन्नपूर्णाबाईचा आवाज आला. "वन्सं, इचारा तं, दगड शाळेले आनले होते का इंग्रजाशी लढाले?"

"घ्या. घरातूनच फितूर झाले," उत्तमराव म्हणाले.

"फितूर कायची? तिनं इचारलं," झुंबरबाई म्हणाली. "मी बी तेच इचारतो."

"मंग असं करा, अक्का," उत्तमराव म्हणाले. "शाळा ऱ्हाऊ द्या. तीन भिंती आहेत, वर पाला टाका, गुरं बांधा. अर्जुनच्या कोनाड्यात म्हशीले पुस्तकं ठेवता येतीन."

अर्जुनरावांनी जोडा पायात सरकवला. ते उठले असते तर आखाजीच्या दिवशी जेवून रागानं गेले असं झालं असतं, आणि या घरात तशा गोष्टी पुढे दोन पिढ्या पुरत. वामनरावांनी ते पाहिलं. बोलायची वेळ आली की त्यांना नेहमी वाटे, आपण बोलू ते चुकीचं असेल, नाहीतर पुस्तकातलं असेल, नाहीतर कोणी ऐकणार नाही. पण कालपासून एक गोष्ट त्यांना खरोखरच कळत नव्हती, आणि न कळणारी गोष्ट विचारायला त्यांना कधी भीती वाटत नसे.

"मले एक सांगा," ते म्हणाले. "कोपरे कोनाचे?"

"काय?"

"वाटणीच्या वेळी मी अठीच होतो. भिंती वाटल्या. कोपरे बी होते ना? ते कोनाच्या वाट्याले गेले?"

अर्जुनरावांचा एक पाय जोड्यात तसाच राहिला.

"बकऱ्याईच्या," शेषराव म्हणाले.

पहिल्यांदा झुंबरबाई हसली, मग अर्जुनराव, आणि न हसण्याचा बराच प्रयत्न करून उत्तमरावही.

"मी थट्टा करत नाई," वामनराव म्हणाले. "मले पाहाचं आहे. चाला ना."

उन्हं उतरल्यावर सगळे गावाच्या कडेला त्या जागेवर गेले. बायाही मागून आल्या. तिन्ही भिंती तिरक्या उन्हात उभ्या होत्या, आणि दोन बकऱ्या आत सावलीला बसल्या होत्या. त्यांना शेषरावांनी हाकलून लावलं. वामनराव वायव्येच्या कोपऱ्याशी, म्हणजे जिथे कोपरा असायला हवा होता तिथे, गुडघे टेकून बसले. एका बाजूला उत्तमरावांच्या दगडांची टोकं, दुसऱ्या बाजूला अर्जुनरावांच्या. मध्ये हात पसरून ते मोजत नव्हते, नुसते पाहत होते.

"उत्तम, धाबं कवा टाकता येते?"

"हे काय इचारनं झालं? आडवी लाकडं, सरे बसले म्हंजे."

"सरे कवा बसतीन?"

"भिंती एका उंचीच्या असल्या तं. अन् मजबूत असल्या तं."

"मजबूत कवा होतीन?"

"कोपऱ्यात एकमेकीले धरलं तं," हे अर्जुनराव म्हणाले. "आता वारा आला तं माही भिंत एकलीच उभी आहे. सांधा पाह्यजे. ह्या भिंतीतले दगड त्या भिंतीत, त्या भिंतीतले ह्या भिंतीत."

"मंग त्याले दगड कसे पाह्यजे?"

"लांब. घडीव. गोट्याचं काम नाई ते."

"अन् ते कुठी भेटतीन?"

अर्जुनराव उत्तर द्यायला गेले आणि थांबले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू वर चढत उत्तमरावांच्या भिंतीच्या माथ्यावर जाऊन टेकल्या. बाकीच्या भिंतींच्या वर जेवढी ती उठली होती, तेवढे सगळे दगड लांब आणि घडीव होते.

"दादा," उत्तमराव म्हणाले, "तुमी मले फिरवून फिरवून अठी आनलं."

"नाई रे. मले बी आत्ताच दिसलं."

हे खरं होतं, आणि वामनरावांना खोटं बोलता येत नाही हे उत्तमरावांना माहीत होतं, म्हणून त्यांचा राग कुठे धरावा ते त्यांना कळेना. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला.

"तुमाले सगळ्याले गड वाटला," ते म्हणाले. "सत्यभामेची पोर अठी खुर्चीवर बसून शिकवीन, तं उंच असाव, उजेड वरून याव, म्हणून चढवली मी. मले काय गावाले भिंत दाखवाची होती?"

"थोडी दाखवाची बी होती," झुंबरबाई म्हणाली.

"थोडी होती."

वामनराव त्या कोपऱ्यातून उठले. गुडघे झाडले. आबा गेल्यापासून त्यांनी या धाकट्या भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे आलं ते न मागता आलं, आणि जे आलं नाही त्याबद्दल ते बोलले नाहीत. भिंत उतरव, एवढं म्हणायचं होतं. ते दोन शब्द त्यांच्या तोंडात मावेनात. मग त्यांना वाटलं, मावत नाहीत तर त्यातला मावेल तेवढाच तुकडा घ्यावा.

"उत्तम, मले वरचा एक थर दे."

"एक?"

"एकच. तेवढ्यात हा कोपरा बुडापासून वर निघीन. बाकी भिंत जशी आहे तशी."

"अन् मंग?"

"मंग तो थर ह्या कोपऱ्यात बसला, की मी पुन्हा मागाले येईन. तवा तुले नाई म्हनाचं असन तं नाई म्हन."

उत्तमरावांनी माथ्यावरचे थर नजरेनं मोजले. "आज एक, उद्या एक. दादा, तुमी मले थराथरानं उतरवून राह्यले."

"हाव," वामनराव म्हणाले. "सगळी भिंत मागाची माही हिंमत नाई. एका थराची आहे."

अर्जुनराव पुढे झाले. "एक थर तं मी एकलाच काढतो. सकाळी शिडी घेऊन येतो."

"हात लावाचा नाई," उत्तमराव म्हणाले. "माह्या दगडाले मीच हात लावीन. तू खाली उभा ऱ्हाय अन् झेल."

"अन् दादा, तुमची भिंत?" शेषरावांनी विचारलं. ते विचारणारच होते. कोणाला तरी विचारावंच लागलं असतं.

वामनरावांनी पूर्वेच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं. "माह्यानं भिंत होत नाई," ते म्हणाले. "चौकट उभी होईन. उद्या चौकट उभी करतो. त्याच्या पुढचं चौकट उभी झाल्यावर इचार."

"वन्सं," अन्नपूर्णाबाई उत्तमरावांच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हे मले आवडलं म्हना."

सकाळी बाजाराच्या गाड्या गावात येऊ लागल्या होत्या. उत्तमराव भिंतीच्या माथ्यावर पाय सोडून बसले होते आणि पहारीनं एकेक दगड सुटा करून खाली देत होते. अर्जुनराव आणि एक गडी ते उतरवून घेत, आणि शेषराव माती कालवत खाली-वर दोघांनाही सल्ले देत. दगड उतरताना उत्तमराव प्रत्येकाचं काहीतरी सांगत होते. हा कुठल्या खाणीतला, याची कड घडवताना छिन्नी कशी मोडली. अर्जुनराव ते ऐकून घेत होते. एकदा त्यांनी आपल्या भिंतीच्या टोकाचे दोन दगड आपणहून उपसले, सांध्याला जागा करायला, आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "कोनाडा वाचवून काढले मी."

पूर्वेच्या बाजूला वामनराव चौकट धरून उभे होते. खड्डे काल संध्याकाळीच घेतले होते. चौकट खड्ड्यांत उतरवली, टेकू लावले, ओळंबा सोडला. पण टेकू पक्के होईपर्यंत ती कोणीतरी सरळ धरायला हवी होती, आणि सुतार सांगून गेला होता की हलली तर दार जन्मभर लागणार नाही. वामनरावांनी दोन्ही हातांनी ती अशी धरली होती की त्यांच्या नाकावरची माशीही त्यांना हाकलता येत नव्हती. आपलं काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं, पण ओळंबा दोरीवर शांत होता. ते पुन्हा पुन्हा त्याच्याकडे पाहत. ते काम झालं की नाही, हे त्यांना कोणाला विचारायला लागत नव्हतं.

झुंबरबाई घाईनं आली. "वामन, डाकवाला आला. पारावर चहा पिऊन राह्यला. पत्र कुठी आहे?"

वामनरावांचा चेहरा उतरला. कार्ड खिशात होतं, पेन्सिल होती. लिहायचं राहिलं होतं. रात्री आशीर्वादापर्यंत लिहून ते झोपले होते. "चौकट सोडता येत नाई, अक्का."

"दादा, हलवू नोका," वरून उत्तमराव ओरडले.

अन्नपूर्णाबाई माठ डोक्यावरून उतरवून ठेवत होती. ती पदर सावरत पुढे आली, वामनरावांच्या अगदी जवळ येणं तिला या जन्मात जमलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या अंगानं वळसा घालून आली, आणि चौकटीचं एक अंग घट्ट धरलं. "वन्सं, तुमी ते अंग धरा," ती म्हणाली, आणि मग चौकटीकडे पाहून म्हणाली, "दोन बाया पुऱ्या आहेत तुले. लेहनाऱ्यानं लेहाले जाव."

वामनराव एका घडीव दगडावर बसले, कार्ड गुडघ्यावर घेतलं. आता सगळ्यांनाच काही ना काही सांगायचं होतं.

"लेहा, गवंडी चांगला आहे," शेषराव मातीचे हात दाखवत म्हणाले.

"लेहा, कोनाडे आहेत पुस्तकाले."

"लेहा, वरून उजेड येईन," उत्तमराव म्हणाले, आणि थोडं थांबून, "थोडा कमी येईन, पन येईन."

"मामीनं इचारलं म्हना," हे चौकटीच्या बाजूनं आलं.

वामनरावांनी पेन्सिल काढली. इतक्या वेळा मोडून पडलेलं ते पत्र, त्यात आपण नेहमी सगळी शाळा उचलून ठेवायला बघत होतो, असं त्यांना वाटलं. कार्ड तर केवढंसं होतं. त्यांनी जे समोर दिसत होतं तेवढंच लिहिलं:

'हो. वरवट मागून घे. आज वायव्येचा कोपरा बांधायला घेतला, त्याचा पहिला दगड बसला. दाराची चौकट उभी आहे. छत नाही. पूर्वेची भिंत नाही. पुढच्या बाजारी पुढचं कळवीन. मामीनं विचारलं आहे. वामनमामा.'

'हो' वर त्यांचा हात थोडा थबकला होता. तो शब्द खोडून 'बहुधा' करावं का, असा एक विचार येऊन गेला. तेवढ्यात मागे दगड जागेवर बसल्याचा जड आवाज झाला आणि अर्जुनराव म्हणाले, "आला. सांध्यात आला." वामनरावांनी तो शब्द तसाच राहू दिला.

टपालपेटी मुलांच्या शाळेच्या भिंतीला टांगलेली होती. वामनराव पोहोचले तेव्हा डाकवाल्यानं ती उघडून रिकामी केली होती आणि कुलूप लावत होता. धावल्यानं त्यांना धाप लागली होती. या वयात आपण धावतो आहोत, हे लोक पाहत असतील, याचीही त्यांना लाज वाटली.

"द्या," डाकवाला म्हणाला. कार्ड घेतल्यावर, कार्डं सगळेच वाचतात तसं त्यानं ते वाचलं. मग मान वर केली.

"काकाजी, छत नाई म्हनता, भिंत नाई म्हनता, अन् पोरीले हो म्हनून लेहता?"

वामनरावांना काही खुलासा करावासा वाटला. कुठून सुरुवात करावी ते क्षणभर कळेना.

"हाव," ते म्हणाले.

डाकवाल्यानं कार्ड थैलीत टाकलं, थैलीचं तोंड दोरीनं आवळलं आणि ती खांद्यावर घेऊन तो जळगावच्या रस्त्याला लागला.